क्रिएटिनिन 0.9

रुग्ण 60 किलोचा. बंद खोलीत आगीत सापडलेला, छाती-पोट-पाठ चहूबाजूंनी खोल भाजलेली. पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत अंगाचा 65 टक्के भाग भाजल्याचं लिहिलं होतं. नुसती लाल झालेली कातडी मोजायची नसते, हे किती वेळा सांगायचं? मी पुन्हा मोजलं, 50 आलं. चिठ्ठीत वेळही होती ती त्यांच्याकडे दाखल केल्याची. पार्कलंड, म्हणजे भाजलेल्याला किती सलाईन द्यायचं याचं सूत्र, त्यातले पहिले आठ तास भाजल्यापासून मोजतात, कागद भरल्यापासून नाही.

4 मिली गुणिले 60 किलो गुणिले 50 टक्के, म्हणजे 24 तासांत 12 लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचं सलाईन). अर्धं पहिल्या आठ तासांत. हा झाला नुसता आरंभ. पुढचा वेग ठरवते ती दर तासाची लघवी. 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली हवी. याला रात्रभर कशीबशी तेवढी होत होती, आणि 30च्या खाली गेली की आम्ही आरएल वाढवत होतो. पहाटेनंतर 22 झाली, मग 20, मग 18.

किडनी मंदावली की रक्तात साचणारं क्रिएटिनिन सकाळी सहाला 0.9 आलं. दाखल करताना 0.8 होतं. रजिस्ट्रार, माझ्या हाताखालचा डॉक्टर, म्हणाला, "सर, किडनी ठीक आहे, पाणीच कमी पडतंय." मुलगा हुशार आहे, पण रिपोर्टवर त्याचा रुग्णापेक्षा जास्त विश्वास. अर्थात मान मीही डोलावली. वेग आणखी वाढवला.

अकराच्या सुमारास सिस्टर म्हणाल्या, "सर, जरा पोटाला हात लावून बघा. आणि व्हेंटिलेटरचा प्रेशरचा अलार्म सकाळपासून किती वेळा बंद केलाय मी."

पोट फळीसारखं कडक होतं. कॅथेटरमधून 25 मिली सलाईन सोडून मूत्राशयातला दाब मोजला, पोटातला दाब त्यावरून कळतो. 26. वीसच्या वर दाब आणि एखादा अवयव हात टेकायला लागला, की ते पोटाचं कंपार्टमेंट सिंड्रोम. जळून चामड्यासारखी झालेली कातडी धडाला पट्ट्यासारखी आवळत होती आणि आत पाण्यानं आतडी सुजत होती. त्या दाबाखाली किडनीचा रक्तपुरवठा चेपला जातो. लघवी कमी होते, आपण पाणी वाढवतो, दाब आणखी चढतो. कळशीला भोक असतं तर समजलं असतं. इथे तोंडच दाबलेलं होतं आणि आम्ही वरून ओतत होतो.

सर्जननी बेडवरच एस्कारोटॉमी केली, छातीच्या दोन्ही कडांनी खाली पोटापर्यंत. कातडी चिरताच कडा फाकल्या, दाब 15वर आला, तासाभरात लघवी 40 मिली. आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन 2.4, चौथ्या दिवशी डायलिसिस.

त्या रात्री घरी जाऊन हिशेब मांडला. 24 तासांत दिलेलं 16.8 लिटर, म्हणजे किलोमागे 280 मिली. 250च्या पुढे गेलं की पोटाकडे बघावं, हे मी स्वतः शिकवतो! लघवी आणि जखमांतून उडून गेलेलं अंदाजे पाणी वजा केलं, तरी 13 लिटर अंगात उरतं. शरीरातलं मूळचं पाणी वजनाच्या 60 टक्के धरलं तर 36 लिटर. त्यात 13ची भर पडल्यावर क्रिएटिनिन पातळ होणारच. दुरुस्त करून 0.9चं 1.2 येतं, मूळच्या दीडपट. म्हणजे किडनीला इजा झाल्याचा निकष सकाळी सहालाच पूर्ण झाला होता. फक्त तो पाण्याखाली होता.

एनजीएएल नावाची तपासणी किडनीला इजा झाल्यावर काही तासांत वाढते म्हणतात. वाढते खरी, पण नुसत्या सूजेनं आणि जंतुसंसर्गानंही वाढते, आणि भाजलेल्या कुठल्या रुग्णाला सूज नसते? ती आमच्याकडे असती तरी मी त्या सकाळी तिच्यावर विसंबलो असतो, असं छातीठोक म्हणवत नाही.

एकोणिसाव्या दिवशी डायलिसिस थांबलं. घरी जाताना क्रिएटिनिन 1.2 होतं, या वेळी खरंखुरं. सहाला पोटाला हात लावला असता तर डायलिसिस टळलं असतं का? पाच तासांचा फरक. सर्जन म्हणतात, कदाचित नाही. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

आता चार्टवर 'किलोमागे एकूण मिली' असा एक रकाना मी पेनानं आखून घेतलाय. काल रात्रीच्या ड्यूटीत तो रिकामा होता.