सायीचं भांडं

आज ८ दिवसांची विरजलेली साय घुसळली. फ्रीजमधलं गार पाणी घातलं आणि रवीभोवती लोणी जमायला लागलं. दोनदा धुऊन कढवलं, पाव किलोच्या आसपास तूप निघालं. रोजच्या १ लिटर म्हशीच्या दुधातलंच, वेगळा खर्च नाही! ताकाची कढी झाली. तळाची बेरी लेकीने साखर घालून पातेल्यातूनच खरवडून खाल्ली.

सासूबाई हे वर्षानुवर्षं करत आल्या. मी मात्र वेळ नाही म्हणत विकतचा डबा आणायचे. डाळ तासभर भिजवून कुकर लावायचा, गॅस वाचतो, हेही त्यांचंच. दुपारी फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "रवाळ झालंय का गं?"

झालंय, आई. भांडं धुऊन पुन्हा फ्रीजमध्ये ठेवलंय.