तुम्ही विचारलंत म्हणून: बातमीतली बाई

‘टीव्हीवरच्या बातमीत बाई एक तर घागर घेऊन असते, नाही तर रडत असते. तुम्ही स्वतः बाई असून असं का दाखवता?’ ८ मार्चच्या कार्यक्रमात हा प्रश्न ठरलेलाच. बीड जिल्ह्यातून चॅनेलला बातम्या पाठवते, म्हणून मला. तुम्हीही विचारलंत, तर ऐका.

गावात टँकर येतो. पाइपाखाली घागरी लागतात, भांडण जुंपतं, कॅमेरामन ते टिपतो. टँकर किती दिवसांनी आला, पाणी कसं होतं, कुणाच्या दारापाशी तो जरा जास्तच थांबतो, हे सगळं बायकांना तोंडपाठ. पण चॅनेलचा माइक, म्हणजे बूम, काढला की इस्त्रीच्या शर्टातला एक गडी पुढे सरकतो. सरपंचबाईंचा नवरा. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना, पण बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, याचं आणि स्क्रीनखालच्या पट्टीवर नावही याचंच. बायकांची नावं डेस्क, म्हणजे चॅनेलच्या ऑफिसात बातमी तयार करणारे, विचारत नाही. ‘पाणीटंचाईने त्रस्त महिला’ एवढ्यावर भागतं.

अँकर मुली भरपूर आहेत, खरंय. पण बातमी सांगतं कोण आणि बातमीत बोलतं कोण, हे दोन हिशेब. जगभरातल्या बातम्यांची अशी मोजदाद दर पाच वर्षांनी होते. बातमीतल्या माणसांत बायका १९९५ साली १७ टक्के होत्या, २०२० साली २५. आमची एसटीसुद्धा याहून बरी पळते.

२०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी इथूनच देशभर गेली. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. मला स्क्रीनवरचे आठवतात ते डॉक्टर, अधिकारी, पुढारी. बायका पाठमोऱ्या. काहींना तोंड दाखवायचं नव्हतं, तो त्यांचा हक्कच. पण तोंड न दाखवताही बोलता येतं की! मुकादमाने आगाऊ दिलेली उचल किती, खाडा झाला तर दंड किती, पाळीच्या दिवसांत फडावर आडोसा कुठे, हे तिच्याइतकं कोण सांगणार?

मी काय करते? सरपंचपतींना आधी बोलू देते. नाही तर पुढच्या वेळी गावात कुणी उभं करायचं नाही. मग घागरवालीकडे वळते. ‘मावशी, नाव सांगा. याआधीचा टँकर कधी आला होता?’ ती वारासकट सांगते.

रात्री डेस्कचा फोन येतो. ‘मॅडम, जरा इमोशनल काही नाही का?’

नाही, म्हणते. टीव्हीवर कधी मावशी दिसते, कधी सरपंचपती.