दादाचा कॉलम

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून माझ्या लॅपटॉपमध्ये एक एक्सेल शीट आहे. तारीख, कशाचा खर्च, रक्कम, मी, दादा. 'मी'चा कॉलम खालपर्यंत भरलेला आणि 'दादा'मध्ये दोन वेळा पाच-पाच हजार, बस. ही शीट कुणी मागितली नव्हती, दादाला तर माहीतही नाही. मग ठेवली कशाला? कधीतरी त्याच्या तोंडावर मारायला, अजून काय.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी आधी सगळे मिळून पापांची कबुली म्हणतात, लहानपणापासून पाठ आहे त्यामुळे तोंड आपोआप चालतं. मागच्या वर्षी एकदा पाळक म्हणाले, आता दोन मिनिटं शांत बसा आणि आपापलं पाप आठवा. आणि मला खरंच काही आठवेना. दारू नाही, लाच नाही, चर्चला द्यायचा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, वेळेवर. दोन मिनिटांत मला आठवलं काय, तर दादाचं पाप!

घरी येऊन हसू आलं आणि मग नाही आलं.

त्या आठवड्यात पंडिता रमाबाईंची साक्ष, म्हणजे आपल्याला ख्रिस्त कसा भेटला ते सांगणारं त्यांचं पुस्तक, परत वाचायला घेतली. (त्यांचं मुक्ती मिशन केडगावला, पण आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडकडचं. पाहुणे दरवेळी चुकतात.) बाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडमध्ये वाँटेजला. पुढे भारतात येऊन १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि एवढं सगळं करत असलेली ही बाई लिहिते की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडलाच नव्हता. हे वाक्य मी आधीही वाचलं असणार, पण तेव्हा ते रमाबाईंबद्दल होतं.

त्यांना हे उमगलं त्यात हॅस्लम नावाच्या एका इंग्लिश पाळकाच्या आत्मचरित्राचा मोठा हात होता. त्या माणसाची गोष्ट तर भारीच आहे. १८५१ साल, कॉर्नवॉलमधलं चर्च, हा नेहमीसारखा उपदेश करायला उभा राहिला, विषय परूश्यांचा, म्हणजे येशूच्या काळातल्या स्वतःला धार्मिक समजणाऱ्या कर्मठांचा, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की अरे, परूशी तर मीच आहे. उपदेश चालू असतानाच त्याचं मन पालटलं आणि खाली बसलेला एक जण ओरडला की पाळकाचं तारण झालं! म्हणजे इतकी वर्षं जो इतरांना वाट दाखवत होता तोच बाहेर उभा होता.

आपल्याकडे पाप म्हटलं की वही डोळ्यासमोर येते, चित्रगुप्ताची म्हणा नाहीतर आणखी कुणाची, इकडे पाप तिकडे पुण्य, शेवटी बेरीज. आम्ही ख्रिस्ती घरातले असलो तरी डोक्यात वही तीच. पण बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल कलस्सैच्या मंडळीला पत्रात लिहितो की आपल्यावरचा कर्जरोखा देवाने खोडला आणि वधस्तंभाला ठोकून टाकला. हे ऐकायला गोड वाटतं, पण दादाचा कर्जरोखाही त्याच खिळ्यावर आहे म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा येतो. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला, पैसा उधळून परतलेल्या धाकट्याला बाप मेजवानी देतो तेव्हा रुसलेला, घरी राहिलेला थोरला भाऊ आठवा, बापाला काय म्हणतो, इतकी वर्षं मी राबतोय आणि मला एक करडूसुद्धा नाही. म्हणजे शीट त्याच्याकडेही होतीच. आमच्याकडे फक्त धाकटा घरी राहिला एवढाच फरक.

रमाबाईंना लंडनमध्ये फुलमला सिस्टरांचं, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचं, एक काम दाखवलं होतं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठीचं. तिथल्या बदललेल्या बायका पाहून त्या हलल्या, कारण अशा बाईला दया दाखवायची असते हेच त्यांनी आधी कुठे पाहिलं नव्हतं. एका सिस्टरने त्यांना बायबलमधली शोमरोनी बाईची, म्हणजे पाच नवरे झालेल्या ज्या बाईशी येशू विहिरीपाशी आपणहून बोलला तिची, गोष्ट वाचून दाखवली. पुढे केडगावला त्यांनी अशाच बायकांसाठी घर काढलं, नाव ठेवलं कृपा सदन. 'सुधार' वगैरे काही नाही, कृपा. मला हे नाव फार आवडतं आणि थोडी भीतीही वाटते, कारण त्या दारातून आत जायचं तर हातातली शीट बाहेर ठेवावी लागणार.

बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो मी दगडाचं काळीज काढून मांसाचं देईन. काढणारा तो, आपण टेबलावर पडलेलो. मी मात्र बरेच दिवस स्वतःच स्वतःचं ऑपरेशन करत होतो, ठरवून दादाला फोन करायचो, गोड बोलायचो आणि फोन ठेवला की किती मिनिटं बोललो ते मोजायचो.

नाताळात तो आला, चार दिवस राहिला. (चार. मोजलेच.) रात्री आईचे पाय चेपत बसायचा, तिच्याशी बोलत. आई मला म्हणाली, तो आला की तू एवढा गप्प का होतोस रे. मी म्हटलं काही नाही, दमलोय.

शीट अजून डिलीट केलेली नाही, खोटं कशाला सांगू. पण मागच्या आठवड्यात आईच्या गोळ्या आणल्या, बिल पँटच्या खिशात राहिलं आणि मशीनमध्ये धुऊन निघालं. बायको तो लगदा हातात घेऊन विचारत होती, महत्त्वाचं होतं का काही. मी म्हटलं, नाही गं, टाकून दे. रात्री उशिरा लक्षात आलं की ते टाकायचं राहिलंय, शीटमध्ये.

उठलो नाही.