व्हिएन्नात ऐकलेलं पहिलं संगीत

व्हिएन्नात मी ऐकलेलं पहिलं संगीत म्हणजे आमच्या बँकेच्या हेल्पलाइनवरची सतारीची धून. सलग बावीस मिनिटं. संध्याकाळी इटालियन संगीतकार व्हर्दीचा ऑपेरा ऐकला तो फार सुंदर होता, पण आधी हा राग आळवून घेते.

तिथल्या श्टाट्सओपरमध्ये, म्हणजे सरकारी ऑपेरात, उभं राहून ऐकायच्या शेकडो जागा असतात. त्यांना ‘श्टेप्लात्स’ म्हणतात. बसायच्या चांगल्या खुर्चीला दोनशे युरोंच्या वर मोजावे लागतात, उभ्याचं तिकीट वीसच्या आत. त्याच दिवशी सकाळी दहाला ते ऑनलाइन निघतं, उरलेलं प्रयोगाच्या ऐंशी मिनिटं आधी खिडकीवर. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. (जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर ऑपेरा विसरा, बंद असतो.)

बरोब्बर दहाला मी जागा निवडल्या, कार्डाचा नंबर टाकला आणि पडद्यावर आलं: ओटीपी टाका. ओटीपी जाणार भारतातल्या नंबरवर आणि ते सिम माझ्या पर्समध्ये, कुंकवाच्या डबीशेजारी. फोनमध्ये तिथलं सिम. ते काढायची पिन हॉटेलात राहिलेली. शेवटी मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टीपिन कामी आली. आपलं सिम घातलं, तर रोमिंग बंद. कॅफेच्या वायफायवर पॅक घेतला, तो चालू होईपर्यंत तिकिटांची मुदत संपली. मग तीन ओटीपी एकदम आले, तिन्ही शिळे.

पुन्हा केलं. आता ओटीपी वेळेत आला, पण व्यवहार नाकारला. का? 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंदच असतात, आपण चालू करायचे. नियम चांगला आहे हो, माझी तक्रार नाही. पण चालू करायचे ॲपमधून, आणि ॲप म्हणालं, ‘आपले सिम बदलले आहे, पुन्हा नोंदणी करा.’ नोंदणी केली. तर म्हणे सुरक्षेसाठी चोवीस तास थांबा!

हेल्पलाइनचा 1800 वाला नंबर परदेशातून लागेना. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात दुसरा नंबर असतो, तो निघायच्या आधी वहीत लिहून ठेवा. तो लावला आणि मग ती सतार. बाविसाव्या मिनिटाला एक मुलगा आला, गोड बोलला, आणि म्हणाला, ‘मॅडम, वारंवार प्रयत्न झाल्यामुळे तुमचं कार्ड तात्पुरतं ब्लॉक झालंय.’ पुण्यात तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. ऑनलाइन तिकिटं संपली होती. हे शांतपणे दुसरी कॉफी पीत होते, त्याचाही राग आलाच.

म्हणून रांग. प्रयोग सातचा, खिडकी पाच चाळीसला, आम्ही चारलाच हजर. रोख युरो जवळ ठेवा आणि दोघं असाल तर दोघंही रांगेत उभे राहा. खिडकीवर माणशी एकच तिकीट मिळतं.

पुढे एक सत्तरीच्या आजी घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांच्या आईने 1945 च्या बॉम्बहल्ल्यानंतर ही इमारत जळताना पाहिली होती. 1955 च्या नोव्हेंबरात बीथोव्हनच्या एकुलत्या एका ऑपेराने दारं पुन्हा उघडली, तेव्हा आजी लहान होत्या. मी त्यांना सवाई गंधर्व महोत्सव सांगितला, भारतीय बैठकीत सतरंजी टाकून धरलेली जागा सांगितली. त्या हसल्या आणि गळ्यातला रुमाल दाखवला: आत गेल्यावर हा कठड्याला बांधायचा, मग जागा आपली. बांधून खुशाल खाऊन या. सतरंजीच झाली की! मी ओढणी बांधली. कोणी हात लावला नाही. (आधी कोट आणि मोठी बॅग क्लोकरूममध्ये द्यावी लागते.)

गाणं चालू असताना आमच्याकडे दाद देतात हे मात्र आजींना पटेना. ‘मग ऐकता कधी?’ त्यांनी बजावलं, आरिया, म्हणजे एकट्याचं गाणं, संपल्यावरच, आणि गायिका असेल तर ‘ब्राव्हो’ नाही, ‘ब्रावा’. पहिल्या अंकात नायिकेने वरचा सूर इतका अलगद उचलला की माझ्या तोंडून ‘क्या बात है’ निसटलंच. पुढचे गृहस्थ वळले. आजींनी माझा हात दाबला, ओठ मात्र हसत होते.

पार्टरचं, म्हणजे तळमजल्यावरच्या उभ्या जागेचं, तिकीट मिळालं तर सोडू नका. जागा राजेशाही बॉक्सच्या अगदी खाली, समोर रंगमंच. प्रत्येकासमोर छोट्या पडद्यावर शब्दांचं भाषांतर येतं, इंग्रजी निवडा. चपला मऊ घाला. माझे पाय दुसऱ्या अंकात गेले.

मध्यंतरात फोन उघडला. बँकेचा एसएमएस होता: ‘आमच्या सेवेबद्दल 1 ते 5 गुण द्या.’ ते मी पुण्यात आल्यावर दिले.