आमची वाटचाल : शेवटचा टेकऑफ किती वाजता

२०१९ ला नाशिकमध्ये मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून ड्रोन सर्वेचं, म्हणजे वरून फोटो काढून जमिनीचा नकाशा बनवायचं, काम सुरू केलं. एक ड्रोन, सहा बॅटऱ्या, एक जुनी ओमनी. आज सात जण आहोत आणि कालवे, रस्ते, लेआउट, खाणी अशी कामं करतो. मशीन कुठलं घेतलं, कर्ज कसं मिळालं हे लोक नेहमी विचारतात, पण आमचा धंदा खरा शिकवला तो घड्याळाने, म्हणून तेच लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लॅपटॉपवर साईटची हद्द आखायची, उंची टाकायची, एका फोटोवर दुसरा फोटो ७५-८० टक्के चढेल असं सेटिंग करायचं, मग सॉफ्टवेअर स्वतःच नांगराच्या तासांसारख्या रेघा पाडतं आणि ड्रोन त्या रेघांवरून आपला आपण जाऊन फोटो काढून परत येतो. हात लावावा लागत नाही, पण याचा अर्थ कुणी बघायचं नाही असा नाही, पायलटची नजर त्याच्यावर पाहिजेच आणि लांब साईट असेल तर दुसऱ्या टोकाला आपला अजून एक माणूस उभा पाहिजे.

आम्ही सुरू केलं तेव्हा डीजीसीएचे (केंद्राचं विमान वाहतूक खातं) १ डिसेंबर २०१८ पासूनचे नियम चालू होते. त्यात सरळ होतं, सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात, नजरेच्या टप्प्यात, ४०० फुटांच्या खाली. आम्ही एक शीट बनवली, महिन्याप्रमाणे नाशिकचा सूर्योदय-सूर्यास्त आणि त्यावरून किती फ्लाईट बसतात. जूनमध्ये सव्वातेरा तासांचा दिवस आणि डिसेंबरमध्ये जेमतेम अकरा, त्यामुळे हिवाळ्यात एकाच साईटला एक दिवस जास्त धरावा लागतो हे तेव्हाच कळलं होतं. शीट छान होती आणि त्या शीटनेच आम्हाला फसवलं.

डिसेंबर २०१९ चा पहिला आठवडा, वर्धा जिल्ह्यात एका कालव्याचं काम. क्लायंटला दुसऱ्या दिवशी डेटा पाहिजे होता. शीटवर सूर्यास्त ५:५३, शेवटची फ्लाईट अठरा मिनिटांची, ५:२० ला सोडली की ५:३८ ला खाली, पंधरा मिनिटं हातात, असा हिशोब करून सोडली. बांधावर शेतमालक उभे होते, वर बघून म्हणाले, "भाऊ, दिवस बुडाला जी, आता काय दिसन त्याला?" तेव्हा मी वर पाहिलं. नाशिकपेक्षा वर्धा जवळपास पाच अंश पूर्वेला आहे, म्हणजे घड्याळ तेच पण सूर्य वीस मिनिटं आधी जातो, आणि हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. ड्रोन कालव्याच्या पार दुसऱ्या टोकाला, शंभर मीटर उंचीवर, आधी ठिपका दिसत होता मग तोही दिसेना, नुसता बारीक लाईट. रिटर्न दाबलं, तो आला, पण अंधारात खालचा कॅमेरा जमीन नीट ओळखत नाही, उतरताना सरकला आणि बाभळीच्या फांदीला लागून तुरीत पडला. शेंगा भरलेल्या तुरीत मोबाईलच्या उजेडात आम्ही त्याला शोधत होतो, शेतमालक आणि त्यांचा मुलगा पण शोधत होते. दोन पाती तुटली, कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल गेला. आणि त्या शेवटच्या बॅटरीतले फोटो रात्री उघडले तर सगळे हललेले, कारण उजेड कमी झाला की शटर हळू होतं. म्हणजे नियम मोडला, मशीन मोडलं आणि काम पण झालं नाही. क्लायंटला सकाळी फोन करून खरं ते सांगितलं. त्यांनी आठवडाभर वेळ दिला, हे मी विसरणार नाही.

त्या दिवसापासून आमचा नियम असा की शीट प्रत्येक साईटच्या अक्षांश-रेखांशावरून निघते, पहिला टेकऑफ तिथल्या सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने आणि शेवटचा टेकऑफ तिथल्या सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी. पाऊण तास का, तर मिशन अठरा-वीस मिनिटांचं, वारा सुटला तर पाच मिनिटं जास्त, आणि उरलेल्यात एखादी रेघ परत उडवता आली पाहिजे. त्यातही चांगले फोटो साधारण दहा ते दोन मध्येच येतात, सावल्या आखूड असतात म्हणून. त्यामुळे अकरा तासांचा दिवस कागदावर, कामाचा सोन्यासारखा वेळ चारच तास, तो चहा-नाश्त्यात घालवायचा नाही. जमिनीवर खुणेसाठी चुन्याचे क्रॉस, डीजीपीएसने त्यांची अचूक जागा मोजणं, सगळं दहाच्या आत उरकायचं.

पुढे २५ ऑगस्ट २०२१ ला नवीन ड्रोन नियम आले आणि आमच्यासारख्या छोट्यांचा श्वास मोकळा झाला. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा, म्हणजे परवानगी घेऊनच उडवायचा भाग, ४५ किलोमीटरचा १२ वर आला, हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज राहिली नाही. आम्ही ओझरचं विमानतळ आणि देवळालीची लष्करी छावणी यांच्या मधे राहणारी माणसं, नकाशातल्या रंगांचं महत्त्व आम्हाला विचारा! दिवसाउजेडी उडवायचं हे मात्र आम्ही तसंच ठेवलं, कितीही घाई असली तरी.

एक गोष्ट नवीन पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, या झोनचा नकाशा रात्री बघितला तरी सकाळी परत बघायचा. कारण पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल, म्हणजे ड्रोनला बंद, करू शकतो. एकदा आमची टीम दोनशे किलोमीटर जाऊन पोचली आणि सकाळी तो भाग लाल. गाडी वळवली, परत आलो, डिझेल आणि दिवस दोन्ही गेले. उडवलं नाही याचं एकालाही वाईट वाटलं नाही, याचा मला अभिमान आहे.

आता पुढच्या आठवड्यात गोंदियाला काम आहे, १ डिसेंबरपासून. तिथे सूर्यास्त ५:२६, म्हणजे शेवटचा टेकऑफ ४:४०. काल क्लायंटचे साहेब फोनवर म्हणत होते की पाच वाजता अजून एक फ्लाईट बसवा ना, एका दिवसात संपेल. त्यांना म्हणलं साहेब, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पहिला टेकऑफ तुमचाच घेतो, दहिवर असेल म्हणून पंखे पुसायला कापड पण घेऊन येतोय.