शपथ नको, प्रतिज्ञा चालेल
आज मामांसोबत नोटरीकडे गेलो होतो, वारसाच्या अ‍ॅफिडेव्हिटसाठी. टायपिस्टने नेहमीसारखं 'शपथेवर सांगतो' टाकलं आणि मामा अडले, म्हणे तिथे 'प्रतिज्ञेवर' करा, म्हणजे देवाची शपथ न घेता नुसतं खरं सांगायचं वचन. तो म्हणतो काका, पिक्चरमध्ये तर बायबलवर हात ठेवूनच शपथ घेतात की! पण त्याच बायबलात, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात, येशू म्हणतो शपथ वाहूच नका, आकाशाची नको, पृथ्वीची नको, स्वतःच्या डोक्याचीही नको कारण एक केस पांढरा की काळा हे तुमच्या हातात नाही, होय तर होय, नाही तर नाही, बास. बायबलातल्याच याकोबाच्या पत्रातही तेच. इंग्लंडात 17व्या शतकात क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक यापायी जेलात गेले, शपथ काही घेतली नाही.

आता सगळे ख्रिस्ती असं मानत नाहीत हां, कॅथलिक चर्चला कोर्टातली शपथ चालते, आणि प्रेषित पौलसुद्धा बायबलातल्या आपल्या पत्रांत देवाला साक्षी ठेवतोच की. मला स्वतःला मामांचं पटतं. आपल्याकडे 1969 च्या शपथ कायद्यात प्रतिज्ञेची सोय आहेच, त्यामुळे टायपिस्टने कुरकुरत का होईना बदलून दिलं. वर प्रिंटचे पैसे पुन्हा घेतले ते वेगळंच 😄