सायबाच्या वाटेवर बार फार

आमच्या शेजारचे आबा पंढरीचे माळकरी. नोव्हेंबर लागला की कुंपणापलीकडून विचारतात, "काय रे, तुमची वारी कधी?" गोंयच्या सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची नोवेना, नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे सण. त्या दिवसांत सिंधुदुर्गातून, बेळगावातून, कारवारकडून माणसं जुन्या गोव्याला पायी निघतात. आबांना त्यातलं सगळं कळतं. त्यांनी तुळशीची माळ घातली त्या दिवशी दारूही सोडली आणि मासळीही; बांगडा सोडणं जास्त जड गेलं, असं अजून सांगतात. माझ्या खिशात जपमाळ शाळेपासून होती. दारू तरीही आलीच.

ती सुटायला लागली ती आधी डॉक्टर, मग कुमसार, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, मग एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची मीटिंग, अशा क्रमाने. क्रम मुद्दाम सांगतो, कारण आमच्यात कुणीतरी फेस्ताच्या भरात आंगवण, म्हणजे नवस करतो आणि रोजची बाटली एका रात्रीत तोडतो. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने असं केलं तर हात कापतात, नाही ते दिसायला लागतं, फिट येते, जीवही जाऊ शकतो. देवाने डॉक्टरही काही उगाच निर्माण केलेले नाहीत. पण औषधाने कापरं थांबलं, ओढ थांबली नाही. वारीला निघालो तो ती ओढ सायबाच्या पायाशी ठेवून हलकं होऊन यायचं, ह्या हिशेबाने.

सावंतवाडी ते बांदा चालणं सुखाचं. पहाटेचा गारवा, कोकणी-मराठीत मिसळलेला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मध्येच कुणाच्या तरी मोबाइलवर घरून फोन. बांदा सोडल्यावर पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ ला पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या सत्याग्रहींचं स्मारक तिथे आहे. आमचा घोळका तिथे दोन मिनिटं उभा राहिला. तिथूनच गोवा लागतो, आणि गोवा लागतो म्हणजे बार लागतात. कर कमी, म्हणून दारू आमच्यापेक्षा स्वस्त. आमच्या बाजूची कितीतरी पोरं तेवढ्यासाठी सीमा ओलांडतात. मीही त्याच रस्त्याने जायचो, तेव्हा मोटारसायकलवर. पेडण्यापासून धारगळ, कोलवाळपर्यंत जेवायला, पाणी मागायला, लघवीला जाल तिथे पाटीवर 'बार अँड रेस्टॉरंट'. देवदर्शनाच्या वाटेवर एवढी दुकानं असलेली वारी दुसरी कुठली असेल मला माहीत नाही. बरं तर बरं, हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा मोसम उन्हाळ्यात असतो.

मी बारच्या पाट्यांना तयार होतो. रस्त्याची दुसरी कड धरायची, घोळक्याच्या मधे राहायचं, 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणत राहायचं. गाठलं मला भलत्याच ठिकाणी.

रात्री म्हापशाच्या अलीकडे एका ओळखीच्या घरी मुक्काम होता. पोटऱ्या दगड झालेल्या. घोळक्यातल्या मावशी बाटली घेऊन आल्या. "बस हंय, पाय चोळून देतंय. नायतर उद्या चलाक जमाचा नाय." बाटलीत फेणी, काजूची दारू. आमच्याकडे फेणी सर्दीला लावतात, पायांना चोळतात, पोरांच्या छातीलाही लावतात. त्यात वावगं कुणालाच वाटत नाही. मावशींनी बूच काढलं आणि तो वास आला. काजूचा, उग्र, गोडसर. तोंडाला पाणी सुटलं म्हणतात ते खरोखर सुटलं. डोक्यात लगेच वकील उभा राहिला: पायालाच तर लावायची आहे, औषध आहे, प्रेमाने देताहेत, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. असे मुद्दे मला एरवी सुचत नाहीत.

प्रार्थना त्या वेळी तोंडात येईना. आलं ते एवढंच, "मावशी, माका फेणी नको. माका दारूचो नाद आसा." खोलीत सगळे होते. कुणीतरी तेर्स अर्ध्यावर थांबवला.

"मगे आदी सांगूक नको?" मावशी करवादल्या, बूच घट्ट लावलं, बाटली यजमानाच्या कपाटात ठेवून आल्या आणि खोबरेल घेऊन बसल्या. चोळता चोळता राहिलेला तेर्स त्यांनीच पुरा केला. मला वाटतं, माझी प्रार्थना ऐकली गेली ती ह्याच रूपात. आकाशातून काही उतरलं नाही. एका बाईने बाटली उचलून ठेवली.

झोप मात्र आली नाही. बायबलमधलं संत पौलाचं करिंथकरांना दुसरं पत्र आठवत पडलो. त्याच्या देहात काटा होता. कसला, ते तो सांगत नाही. तीनदा त्याने तो काढून टाकण्यासाठी विनवलं, आणि काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, असं उत्तर मिळालं. लहानपणी हे ऐकताना मला ती देवाची टाळाटाळ वाटायची. आणि ज्याच्या दर्शनाला आम्ही निघालो होतो तो सायब तरी? चीनला जायचं म्हणून निघाला आणि ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांचियान बेटावर तापाने गेला. मुख्य भूमीवर पाऊल पडलंच नाही. मागितलेलं त्यालाही मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पर्वरीच्या उतारावर घोळक्यातला एक तरुण माझ्या बरोबरीने चालायला लागला. पणजी येईपर्यंत फुटबॉलवर बोलला. पणजी ते रायबंदर पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात घातलेला लांबलचक बांध आहे, दोन्ही अंगांना पाणी आणि चिखल. तिथे आल्यावर म्हणाला, "काका, तुमची कशी सुटली?"

"सुटाक नाय रे. आज घेवक नाय, इतक्याच."

मग मी त्याला डॉक्टर, मीटिंगचा वार, जागा सगळं सांगितलं. फादरशी बोल म्हटलं. तो वारंवार एकच विचारत होता, घरी कळेल का.

जुन्या गोव्यात सायबाचं शव ठेवलेल्या बॉम जेझुस चर्चच्या बाहेर मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला तोबा गर्दी. फादर द्राक्षारसाचा प्याला उचलतात तेव्हा पूर्वी माझ्या मनात भलतेच विचार यायचे. आपल्याकडे लोकांना बहुधा भाकरीच मिळते, आणि ख्रिस्त त्या भाकरीतही पूर्ण आहे ही चर्चची शिकवण माझ्यासारख्याला फार सोयीची. चांदीच्या पेटीतल्या सायबाकडे ओढ ठेवून यायचं ठरवलं होतं, ते मागितलं नाही. परतीच्या बसपुरतं मागितलं.

बसमध्ये तो पोरगा शेजारी बसला. म्हापशाच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबते आणि समोरच दुकानं. त्याला खाली उतरायचं होतं, मला चहा हवा होता. उतरलो दोघं एकत्र, चढलोही एकत्र.